माशांची सकाळ

मित्रांनो, मी एक जुनी ट्यूबलाइट आहे. ज्याच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडतो, त्याला तुम्ही माझे नाव देता, हे मला ठाऊक आहे. मी ते मनावर घेत नाही. मात्र माझी गोष्ट ऐका आणि खरी ट्यूब कोणाची उशिरा पेटली, ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या नळीला आतून पांढरी भुकटी फासली, दोन्ही टोकांना टोप्या बसवल्या आणि मला खोक्यात घातले. मला वाटे, आपण एखाद्या झगमगत्या दुकानात जाणार. नशिबात निघाले मासे! एका प्रयोगशाळेच्या बिनखिडकीच्या खोलीत, काचपेट्यांच्या रांगांवर मला टांगले. मासे बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळे पट्टे. पहिले काही दिवस मी नाराजच होते. मग लक्षात आले, या खोलीत ऊन येतच नाही. मी पेटले की सकाळ, मी विझले की रात्र. अहो, या माशांचा सूर्य मीच होते! तेव्हापासून माझा तोरा विचारू नका.

भिंतीवर एक टायमर होता. त्याची गोल चकती फिरत फिरत सहावर आली की मी पेटे आणि उजेड झाला की मासे अंडी घालत. ती गोळा करायला येणाऱ्या संशोधक बाईला सगळे घाईबाई म्हणत, कारण ती चालत आलेली कोणी पाहिलीच नव्हती. "काय सूर्यबाई, उगवलात का?" असे मला विचारल्याशिवाय ती कामाला हात लावत नसे. इतके कौतुक माझे कोणी केले नव्हते.

या माशाच्या हृदयाला जखम झाली तरी ते पुन्हा भरून येते. ते कसे, हे घाईबाईला शोधायचे होते. त्यासाठी नुकत्याच घातलेल्या अंड्याला केसाहून बारीक सुईने औषधाचा थेंब टोचावा लागे. थोडा उशीर झाला की आतल्या एका पेशीच्या दोन होतात, दोनाच्या चार, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. त्या सुईवर तिच्यासारखा हात दुसऱ्या कोणाचा बसला नव्हता.

मग तिला मुलगी झाली आणि पाठोपाठ मुलगा. नवरा बेकरीत कामाला. त्याची भट्टी पहाटे पेटायची, म्हणजे सकाळची सगळी लढाई हिच्या एकटीच्या अंगावर. पाळणाघर उघडे नवाला. शेजारच्या मावशींनी काही महिने मुलांना सांभाळले, पण त्या लेकीकडे राहायला गेल्या आणि बसलेली घडी विस्कटली. घाईबाई धापा टाकत पोचे, तोवर अंडी वाया गेलेली असत.

एकदा तर ती दोन्ही मुलांना घेऊनच आली. मुलगी झोपेच्या कपड्यांत, बाळ कडेवर. मुलीने काचेला नाक लावून विचारले, "आई, हे एवढ्या लवकर उठतात? त्यांची पण आई ओरडते का?" तेवढ्यात बाळाने एप्रनवर दूध ओकले. घाईबाई हसली, पण ते हसू काही खरे नव्हते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांना मोठ्या बाई म्हणत. केस पिकलेले, बोलणे मऊ. त्या म्हणाल्या, "अगं, किती ओढाताण करशील? हे काम दुसऱ्या कोणाला तरी शिकव. तू टेबलावरचं काम बघ. मुलं मोठी झाली की ये परत."

"परत येतं का कोणी, बाई?"

मोठ्या बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "उद्या सांगते," एवढेच घाईबाई म्हणाली. सगळे जेवायला गेल्यावर ती माझ्याखाली स्टुलावर बसून रडली. मला फार वाईट वाटले. माझे पेटणेच तिला नडत होते आणि स्वतःच्या मनाने उशिरा उगवणे काही माझ्या हातात नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती आली उशिराच, पण हसत.

"बाई, आज पोरं साडेसातपर्यंत झोपली!"

"बरं मग?"

"खिडकीला जाड चादर लावली. उजेड नाही, तर सकाळ नाही! पोरांना फसवता येतं, तर या माशांना का नाही? त्यांना कुठं घड्याळ कळतंय? टायमर दहावर लावू या."

"छे! इथं सहाचीच वेळ आहे. पहिल्यापासून."

"पण का?"

मित्रांनो, गंमत पाहा. ज्यांचा पेशाच 'का' विचारण्याचा, त्यांनी भिंतीवरच्या त्या चकतीला इतक्या वर्षांत हे कधी विचारले नव्हते. मोठ्या बाई टायमरकडे बघत राहिल्या आणि एकदम त्यांनी कपाळावर हात मारला.

"अगं, ती वेळ मीच लावली होती! माझी पोरं तान्ही होती तेव्हा. सकाळी त्यांच्यापाशी सासूबाई असायच्या, म्हणून मी पहाटेच काम उरकून घरी पळायचे. पोरं कधीच मोठी झाली, सहा मात्र तसेच राहिले!"

आणि त्यांनी स्वतः उठून चकती फिरवली.

मासे मात्र रुसले. दिवसामागून दिवस पेटीचा तळ रिकामा. "माशांशी खेळ झालाय नुसता," असे कोणीतरी कुरकुरलेही. मोठ्या बाईंनी आणखी थोडी मुदत दिली; तोवर अंडी आली नाहीत, तर पुन्हा सहा. घाईबाई मुलांना पाळणाघरात सोडून वेळेवर येई, रिकामी पेटी बघे आणि मुकाट्याने पाणी बदले. मी माझ्या परीने जीव तोडून उजेड देत होते.

मग एके दिवशी दहाला मी पेटले आणि मासे एकमेकांमागे धावू लागले. तळाशी मोहरीएवढी, काचेसारखी स्वच्छ अंडी पडली. घाईबाईने एक उचलून भिंगाखाली धरले.

"एकच आहे, बाई!" ती ओरडली. "पेशी अजून एकच आहे!"

मोठ्या बाईंनी तिची पाठ थोपटली आणि डोळे पुसले. तिचे काम तिच्याकडेच राहिले. माशाच्या हृदयाचे कोडे पुरते सुटलेले नाही, पण निम्मे तरी सुटले आहे.

आता माझी टोके काळी पडली आहेत. पेटताना मी फडफडते. मला उतरवाल तेव्हा हळू उतरवा, कचऱ्यात फेकू नका; माझ्या पोटात पारा आहे, तो लहान मुलांना बाधेल. आणि मित्रांनो, माणसांनाही तसेच हळू हाताळा. एखाद्याला जमत नाही असे म्हणण्याआधी भिंतीवरची चकती एकदा तपासा.

हे सांगते, कारण परवाच एक नवा संशोधक आला, नुकताच बाप झालेला, डोळे तारवटलेले. "अंडी दहालाच का गोळा करतात?" त्याने विचारले.

"पहिल्यापासून," कोणीतरी म्हणाले.

घाईबाईने हातातली सुई खाली ठेवली. ती टायमरपाशी गेली, चकतीवर बोट ठेवले आणि त्याला म्हणाली, "तुझ्या घरी सकाळ कधी होते रे?"