वाळूतली मेथी

दत्ताराम परब कुणाचं फुकट कौतुक करत नसत. घाटकोपरच्या सोसायटीचे सेक्रेटरी ते. त्यांच्याकडे कौतुकसुद्धा ठरावाशिवाय मंजूर होत नसे. बायकोच्या, सुगंधाबाईंच्या, गच्चीवरच्या बागेला त्यांनी आजवर एकच शेरा दिला होता, "पाणी खाली गळता कामा नये."

पण दिवाळीतल्या तापानंतर सुगंधाबाईंच्या जिभेची चवच गेली. मटणाचा रस्सा काय आणि गरम पाणी काय, सगळं सारखंच. दोन घास खाऊन ताट सरकवायच्या. हातातल्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या, तसे सेक्रेटरी हादरले.

"अहो, माझ्या माहेरची मेथी करू या," एकदा त्या म्हणाल्या. "नुसत्या वाळूत. आई थंडीत करायची. ती लागेल बहुतेक जिभेला."

"वाळूत काय रुजतला, कप्पाळ!" दत्ताराम कुडाळचे, चिडले की गावच्या बोलीवर जात. तरीही मार्वेहून होडीने बायकोचं माहेर, मनोरी गाठून त्यांनी मेहुण्याच्या वाडीतली दोन पिशव्या वाळू खांद्यावरून आणली. सुगंधाबाईंनी ती गच्चीवरच्या एका खोक्यात पसरली, भिजवलेले दाणे दाट पेरले, वर वाळूचा पातळ थर दिला.

त्या खाली गेल्या आणि दत्तारामांनी इकडेतिकडे बघत खोक्याच्या एका टोकाला कुंडीतली गावची लाल माती मिसळली. बायकोचा अगदीच हिरमोड नको, निदान तेवढं तरी उगवेल! कुडाळचा माणूस लाल मातीवर ठेवतो तेवढा भरवसा सख्ख्या भावावरही ठेवत नाही.

एका सकाळी पाणी घालायला गेले आणि झारी हातातच राहिली. वाळूचा थर अख्खाच्या अख्खा वर उचलला गेला होता. खाली पांढरे, नाजूक कोंब, माना वाकवून, दाटीवाटीने, शिमग्यातली पालखी खांद्यावर घ्यावी तसे. दत्ताराम गुडघे टेकून बसले. दाणा केवढा आणि ओझं केवढं! इथे अख्ख्या सोसायटीकडून जिन्यातली एक सायकल हलत नाही. लाल मातीत मात्र पाणी साचून दाणे काळे पडले होते.

पानं फुटल्यावर सुगंधाबाईंनी मूठभर रोपं मुळासकट उपटली, धुतली, तोंडात टाकली. दत्ताराम त्यांच्या जबड्याकडे बघत राहिले.

"काय गं?"

त्यांचं तोंड वेडंवाकडं झालं. "कडू." मग डोळे मोठे झाले. "अहो, कडू लागतंय!"

आणखी एक मूठ तोंडात गेली. चावता चावताच त्यांनी बोट दाखवलं, "आणि ते काळं टोक? माती कुणी घातली?"

सेक्रेटरी खाली वाकून पुढची मूठ धुवायला लागले.