डावा गिअरबॉक्स आमचा

लाउडस्पीकरवर कुणी सुटा भाग मागितला की ज्याच्याकडे असेल त्यानं तो द्यायचा, मग मागणारा पुढच्याच सामन्यात समोर का असेना. रोबोंच्या स्पर्धेत ही रीत सगळे पाळतात, वर अभिमानानं मिरवतातही. मलाही ती आवडायची, त्या शनिवारपर्यंत.

डाव्या चाकांचा गिअरबॉक्स हवा होता ब्रिटा लाहतीच्या संघाला. घोषणेत फक्त संघाचा क्रमांक होता, पण तो मला पाठ होता. मी निवांत पास्टी, आमच्याकडची बटाटा-खिम्याची भली मोठी करंजी, खात राहिले.

ब्रिटा माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. गेल्या वर्षीपर्यंत आमच्याच संघात होती. हा गिअरबॉक्स आम्ही दोघींनीच आमच्या गॅरेजमध्ये, हीटरला चिकटून बसून, तयार केला होता. मग तिच्या आईला दक्षिणेत नोकरी लागली. मॅकिनॉचा पूल ओलांडून तिकडे, म्हणजे नकाशात पुलाच्या खाली, गेलेल्यांना आम्ही पुलाखालचे राक्षस म्हणतो. या राक्षसीणबाईंच्या नव्या शाळेत मोठं वर्कशॉप, शर्टावर मावणार नाहीत इतके प्रायोजक, सगळी चंगळ. आणि एवढं सगळं असून गिअरबॉक्स मात्र आमचाच! रचना ती बरोबर घेऊन गेली होती. म्हणून तर आमच्याकडचा जादाचा तिला जसाच्या तसा बसणार होता.

"टेस, आपल्याकडे आहे ना एक?" आमच्या संघाच्या ओया सरांनी विचारलं.

"आहे. पण आपल्यालाच लागला तर?"

"लागला तर बघू. देऊन ये."

"सर, ती आपली जागा खाईल!"

सरांना ते माहीत होतं. दुपारी पहिल्या क्रमांकाचा संघ बाद फेरीसाठी जोडीदार निवडणार होता, आणि त्यांची कप्तान सकाळपासून दोनदा आमचा रोबो निरखून गेली होती. ब्रिटाचा रोबो बंद पडला तर ती कप्तान आम्हालाच घेणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. आमच्या शाळेला आजवर कुणीही निवडलं नव्हतं.

"खाऊ दे," सर म्हणाले. "जा."

गेले. ब्रिटा कोपरापर्यंत ग्रीसनं माखली होती.

"टेशे! वाचवलंस गं!"

"मी नाही, सरांनी. सरक तिकडे."

तिचा गिअरबॉक्स उघडला. एका गिअरचे चार दात सफाचट, आणि अंगावर गोल गोल भोकं.

"ही काय चाळणी केलीस?"

"वजन मर्यादेबाहेर जात होतं."

"उजव्यातही असंच?"

"तो मस्त पळतोय. आल्या आल्या नाक मुरडू नकोस ना."

"उजवाही फुटेल, सांगून ठेवते."

"बघू. तू आधी हा बसव, तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे."

असं गोड बोलली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तरी मी बसवला, आणि नीट बसवला. वाईट काम मला जमत नाही.

दुपारी त्या कप्ताननं माइक हातात घेतला आणि ब्रिटाच्या संघाचा क्रमांक पुकारला. बाकीच्या संघांनीही आपापले जोडीदार निवडले. आमचा क्रमांक कुणीच घेतला नाही. मी टाळ्या वाजवल्या, कारण सर बघत होते.

अंतिम सामना आम्ही बाकांवरून पाहिला. ब्रिटा हरावी असं मला मनापासून वाटत होतं. पण आमच्या गिअरबॉक्समुळे हरू नये. माझी नजर त्या रोबोच्या डाव्या बाजूवरून हलेना. त्यानं धडक खाल्ली, चढ चढला, सामना बरोबरीत आला. आणि मग कडकन आवाज झाला.

रोबो गोल फिरू लागला, जागच्या जागी, भोवऱ्यासारखा. उजवी चाकं मेली होती. डावी इमानानं ढकलत होती.

"आमचा चालतोय!" मी ताडकन उठून ओरडले. "बघा, डावा आमचा आहे! आमचा चालतोय!"

नेमकं तेव्हाच सगळं क्रीडागृह श्वास रोखून गप्प झालं होतं. ओया सरांनी माझी बाही धरून मला खाली ओढलं. मैदानाकडेच्या काचेमागून रोबो चालवणाऱ्या ब्रिटानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती लगेच पुन्हा कंट्रोलरकडे वळली आणि शेवटपर्यंत झगडली. हरली.

तासाभरानं ती आमच्या टेबलापाशी आली. गिअरबॉक्स स्वच्छ पुसून आणला होता.

"घे. एक ओरखडासुद्धा नाही."

"ऐकलंस ना मगाशी?" मी विचारलं.

"सगळ्यांनीच ऐकलं." ती थोडीशी हसली. डोळे लाल होते. "जाऊ दे गं. तुझ्या जागी मीही ओरडले असते."

तिनं मला मिठी मारली आणि ती गेली. मी गिअरबॉक्स पोटाशी धरून तिथेच उभी राहिले. ती खोटं बोलत होती. माझ्या जागी ब्रिटा कधीच ओरडली नसती. तिचं वर्कशॉप, तिचे शर्ट, तिची निवड, यांतल्या कशाचाही मला इतका हेवा वाटला नव्हता.