अतियाच्या ताटात काय होतं?

अतियाचा तिसरा दात पडला, तेव्हाही तिनं नुसती चूळ भरली. मग ती पुन्हा घड्याळाच्या तबकडीवर आकडे काढत बसली.

१९६१ साल होतं. मुरुडला तिच्या नवऱ्याचं, ताजुद्दीनचं, घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गलबतवाल्यांना अंधारात चमकणारे आकडे हवे असत. तो रंग ताजुद्दीन मुंबईहून आणी आणि अतिया घरी बसून भरी. आकडा बारीक यावा म्हणून कुंचल्याचं टोक ती ओठांत धरी. सात वर्षं हेच चाललं होतं.

जबडा सुजला, तेव्हा ताजुद्दीन तिला दत्तात्रेय डॉक्टरांकडे घेऊन गेला. त्यांनी तपासणीसाठी मुंबईला पाठवलं. महिन्याभरानं अहवाल आला.

"त्या रंगात रेडियम आहे," डॉक्टर म्हणाले. "पोटात गेलं आणि हाडांत बसलं. आजपासून तो रंग घरात नको."

अतिया भिंतीकडे बघत होती. जणू दुसऱ्याच कोणाविषयी बोलणं चाललं होतं.

"औषध द्या, डॉक्टरसाहेब," ताजुद्दीन म्हणाला.

"हाडांत मुरलेलं काढायचं औषध माझ्याकडे नाही. ते फार हळूहळू बाहेर पडतं. पण अतियाबाई, तुम्ही जेवता काय?"

"उरंल ते. भात, पेज."

"मासळी? दूध?"

"मासळी मर्दांना लागते. दूध पोरीला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ताजुद्दीनभाई, हाडं कॅल्शियमवर उभी असतात. रेडियम त्याच्यासारखंच, शरीराला फरक नीट कळत नाही. जेवणात कॅल्शियम कमी पडलं, की आतडी रेडियमही ओढून घेतात. दूध, नाचणी, काट्यासकट खायची बारीक मासळी पोटात असती, तर यातलं जास्त शौचावाटे निघून गेलं असतं. सगळं नाही, पण जास्त!"

"म्हणजे माझ्या घरानं..."

"विष रंगातून आलं. त्याला जागा मात्र तुमच्या घरानं करून दिली!"

सात वर्षं ताजुद्दीन रोज पोटभर जेवून उठला होता. मागं पातेल्यात काय उरतं, हे त्यानं एकदाही वाकून पाहिलं नव्हतं!

घरी त्यानं अम्मीला सगळं सांगितलं.

"बायका मागनंच जेवतात," अम्मी म्हणाली. "मी न्हाय का तसंच खाल्लं?"

"म्हणून तुझी कंबर अशी वाकलीय, अम्मी!"

म्हातारीचा हात कमरेवर गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं अतियाला सगळ्यांबरोबर बसवलं, बाजूला छोट्या शहनाजला. नाचणीची भाकरी दुधात कुस्करली. मग काट्यासकट खायच्या बारीक मांदेलीचं भांडं पुढं घेऊन विचारलं, "तळलेली घालू, का कालवणातली?"

अतियाला सांगता येईना. तिला काय आवडतं, हे या घरात कोणी विचारलंच नव्हतं. ती नुसती भांड्याकडे बघत राहिली. शेवटी शहनाज म्हणाली, "कालवणातली घाल, दादी. मऊ असते."

अतियाचा जबडा पुढंही दुखत राहिला. जे हाडांत गेलं होतं, त्यातलं बहुतेक तिथंच राहिलं. पण त्या घरात मागून जेवणारं कोणी उरलं नाही.

बंधूंनो, भगिनींनो, रेडियमचा रंग प्रत्येक घरात नसतो. पण बाईला उरलंसुरलं वाढायची रीत घरोघरी आहे, आणि तिची हाडं पोकळ करायला तीही पुरते. तुमच्या घरातली बाई काय जेवते, ते आजच तिला विचारा. हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवू नका.