चार ओळींची फाइल

शहादेव साळव्यांना तालुक्याच्या कचेरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती, पण कचेरी काही त्यांच्या अंगातून निवृत्त झाली नव्हती. गॅसची टाकी यायला उशीर झाला तरी ते बायकोला, भिमाबाईंना, नोंद कोणत्या तारखेची ते विचारायचे. त्यामुळे आपल्या लेकीची चार ओळींची दुरुस्ती परदेशात कुठंतरी अडकून पडली आहे हे कळल्यावर त्यांना चैन पडेना. फाइल कुणाच्या टेबलावर आहे हा त्यांचा पहिला प्रश्न होता. तिथं टेबल नसतं असं यशोधरानं सांगितलं, ते त्यांना पटलं नाही.

यशोधरा अंबाजोगाईला शिकली आणि आता तलवाड्याच्या घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करत होती. उन्हाळ्यात तिनं चकलांब्याच्या पवनमामाच्या मोटारीला एक लहानसं यंत्र बसवून दिलं. टाकी भरली की मोटार आपोआप बंद व्हायला हवी होती, पण ती होईना. टाकी वाहायची, मामाच्या मेथीत डबकं साचायचं, आणि तुझं यंत्र लई कष्टाळू हाय, थांबतच न्हाई, असं मामा फोनवर सांगायचा. तीन आठवडे तिनं तारा तपासल्या, स्वतःचा प्रोग्रॅम उलटापालटा करून पाहिला. चोर निघाला भलताच. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत उतरवून देणारा जो प्रोग्रॅम असतो, ज्याला कंपायलर म्हणतात, तोच मधली एक तपासणी बिनकामाची समजून गाळून टाकत होता. या कंपायलरचं नाव हेरॉन.

शहादेवांना हे लगेच कळलं. निजामाच्या वेळी अर्जांचा उर्दूत तर्जुमा करणारे कारकून होते, असं त्यांचे वडील सांगत. कारकुनानं कंटाळून एक ओळ गाळली की अर्जदाराचं वाटोळं व्हायचं. हेरॉन त्याच खात्यातला.

हेरॉन कुणा एकाच्या मालकीचा नव्हता. जगभरातली माणसं पगाराशिवाय तो लिहीत होती. कुणीही चूक दाखवावी, कुणीही दुरुस्ती पाठवावी, आणि जुन्याजाणत्यांनी ती सगळ्यांसमोर तपासून आत घ्यावी, असा तिथला रिवाज. यशोधराची दुरुस्ती बरोबर होती. ती चूक आहे असं कुणीच म्हणत नव्हतं, आणि अडचण तीच होती. बरोबर कागदात त्रुटी काढायची म्हणजे तपासणाऱ्याला फार कष्ट पडतात, हे शहादेवांना अनुभवानं ठाऊक होतं.

रोज चारच्या चहाला यशोधरा आदल्या दिवशीची चर्चा मराठीत वाचून दाखवायची. नॉर्वेचा यॉर्न हा तिथला मोठा माणूस. त्यानं पहिल्या आठवड्यात कळवलं, की दुरुस्तीच्या मथळ्याची अक्षरं दोनानं जास्त आहेत. तिनं मथळा आखूड केला. मग जर्मनीचा हेल्मुट म्हणाला, की मथळा आता फार त्रोटक वाटतो. तिनं तो लांबवला. मग टिपणीच्या शेवटी पूर्णविराम हवा की नको यावर दोघांची जुंपली आणि त्यात यशोधराला कुणी काही विचारलंच नाही. अकरा दिवसांनी पूर्णविराम ठेवायचं ठरलं. तो तिनं पहिल्यापासूनच दिलेला होता.

शहादेव चहा थंड करत हे ऐकायचे आणि त्यांचा जीव खालीवर व्हायचा. शेवटी ते म्हणाले, "त्येंना एक पत्र दे. काय काय त्रुटी हायत त्या एकदाच लेखी कळवा म्हनावं, तुकड्यातुकड्यानं न्हाई." यशोधरानं ते नम्र इंग्रजीत लिहिलं. यॉर्ननं आभार मानले आणि आणखी एकच त्रुटी काढली.

शहादेवांना यात एवढं का म्हणून वाटावं, असं भिमाबाईंनी एकदा विचारलंही. त्याचं कारण होतं. एकतीस वर्षं त्यांनी टिपण्या लिहिल्या आणि सह्या साहेबांनी केल्या. टँकरच्या नियोजनाची त्यांची एक टिपणी वरपर्यंत गाजली होती. साहेबांचा सत्कार झाला, फोटो पेपरात आला, आणि शहादेव त्या कार्यक्रमात नारळ मोजत होते. यशोधरा म्हणाली होती, की दुरुस्ती आत गेली की तिच्या नावानं नोंद होते आणि ती नोंद मागाहून कुणालाच खोडता येत नाही. खोडता न येणारी नोंद ही गोष्ट शहादेवांनी सगळ्या नोकरीत पाहिली नव्हती. ती लेकीच्या नावावर बघायची, एवढं एकच त्यांना आता हवं होतं.

आणि म्हणून त्यांनी जे करायला नको होतं ते केलं. फाइल हलत नसली की शिफारस लावायची, ही त्यांची जन्माची सवय. ते थेट गावच्या युवा नेत्याकडे, अमरसिंह पवळांकडे गेले. अमरसिंहांनी विषय काय ते विचारलं नाही. त्यांचं लेटरहेड प्रविणच्या सेवा केंद्रात कायम पडून असायचं, तिथं जाऊन मजकूर टाकून घ्या म्हणाले. प्रविण चाळिशीचा, उत्साही माणूस. त्यानं आपल्या नेहमीच्या नमुन्यात नाव बदलून इंग्रजी पत्र तयार केलं, आणि नेहमीच्या नमुन्यात जे असतं ते त्यात आपोआप आलं: सदर काम अमरसिंह पवळ यांच्या मार्गदर्शनाखाली झालेलं असून ते तात्काळ मंजूर व्हावं. त्यानं अमरसिंहांच्या नावानं हेरॉनवर खातं उघडलं आणि पत्र चर्चेत टाकलं. एवढ्यावर त्याचं समाधान झालं नाही. त्या दिवशी केंद्रात जो जो उताऱ्याला आणि आधारला आला, त्याचंही त्यानं विचारून खातं उघडलं. दुपारपर्यंत सत्तेचाळीस जणांनी जाहीर पाठिंबा दिला. विमलबाई पेन्शनचा ठसा द्यायला आल्या होत्या, त्यांनीही दिला.

दुसऱ्या दिवशी चर्चेला कुलूप लागलं. बाहेरून मोठा दबाव येत असल्याचं यॉर्ननं तिथं लिहिलं होतं. यशोधरानं सत्तेचाळीस नावं खालपर्यंत वाचली, लॅपटॉप मिटला आणि बापासमोर येऊन उभी राहिली.

"बाबा, तितं वशिला म्हंजे लबाडी समजतात. सात आठवडे मी गप ऱ्हाऊन काम केलं, तुमी एका दिवसात घालवलं."

पोरीचं भलं करायला गेलो आणि आपल्याच हातानं तिच्या तोंडाला काळं फासलं, या विचारानं शहादेवांना दोन दिवस जेवण गेलं नाही. यशोधरानं चहाला वाचून दाखवणं बंद केलं. घरात चार वाजायचे आणि तिघंही आपापल्या कपात बघत बसायचे.

आठवड्यानं यॉर्ननं स्वतःच्या नावानं नवी दुरुस्ती टाकली. यशोधराच्या चार ओळी त्यात होत्याच, त्याभोवती त्यानं स्वतःच्या छत्तीस ओळी गुंडाळल्या होत्या. त्याच्या कामात पूर्णविराम कुणी मोजले नाहीत. दुरुस्ती वीस मिनिटांत आत गेली. तळाशी श्रेयाची नोंद होती, आणि यॉर्न न्यायी माणूस असल्यामुळे ती त्यानं फार काळजीपूर्वक लिहिली होती. सहलेखक म्हणून, पत्रात मार्गदर्शन लिहिलेलं होतं त्याप्रमाणे, अमरसिंह पवळ. आणि चूक कळवणारी, टिटवी. टिटवी हे यशोधराचं तिथल्या खात्याचं नाव. बाईचं नाव दिसलं की लोक कोड सोडून भलतंच विचारतात, म्हणून तिनं ते घेतलं होतं. खरं नाव ती दुरुस्ती आत जाताना घालणार होती.

"जाऊ द्या," यशोधरा म्हणाली, "चूक तर निघाली ना." पण ती लगेच आत गेली आणि भिमाबाई तिच्या मागोमाग गेल्या. शहादेव ओट्यावर बसून राहिले. खोडता न येणारी नोंद झाली होती, आणि ती त्यांनीच मिळवून दिली होती.

गोष्ट इथं थांबली असती, पण चूकच निघाली नव्हती. यॉर्नच्या छत्तीस ओळींनी नवा घोळ केला. आता पवनमामाची मोटार बंद होण्याचा प्रश्न उरला नाही, कारण ती चालूच होईना. आणखीही ठिकठिकाणाहून तक्रारी आल्या. हेरॉनच्या या भागाला दोन वर्षं कुणी राखणदारच नव्हता. राखणदार म्हणजे त्या भागातला प्रत्येक बदल तपासून संमती देणारा माणूस. काम किचकट, म्हणून कुणी घेत नसे. यॉर्ननं सभ्यपणे विचारलं, की सहलेखक श्री. पवळ यांचं मार्गदर्शन या भागाला लाभलेलंच आहे, तर ते ही जबाबदारी घेतील का. अमरसिंहांच्या फोनवर निरोप आला. त्यांना जबाबदारी एवढा एकच शब्द लागला आणि त्यांनी प्रविणकरवी होकार कळवला. राखणदारांच्या यादीत त्यांचं नाव चढलं. तिसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर फ्लेक्स लागला: जागतिक कंपायलरच्या राखणदारपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुकांत प्रविणचा फोटो होता.

रिकाम्या पदाचा अतिरिक्त कार्यभार कुणाच्याही गळ्यात घालतात, हे शहादेवांनी खूप पाहिलं होतं. तो घेऊन हार घालून घेणाराही त्यांच्या पाहण्यातला होता.

मग अमरसिंहांच्या फोनवर मेल सुरू झाले. दिवसाला वीस. तुमच्या भागात बिघाड आहे, तुमचं मत काय, कधीपर्यंत उत्तर देता. चार दिवसांनी त्यांचा शहादेवांना फोन आला. आजवर ते शहादेव म्हणायचे, त्या दिवशी शहादेवराव म्हणाले. ही गोरी मानसं लई पिच्छा पुरवायलीत, तुमच्या पोरीला तेवढं करून द्यायला सांगा, बाकी मी बघतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाकी म्हणजे नाव.

शहादेव लेकीकडे गेले. दोन आठवड्यांत ते पहिल्यांदाच तिच्या टेबलाशी बसले. तिची माफी मागायची होती, ती त्यांना येत नव्हती, पण त्यांनी मागितली. मग त्यांनी विचारलं, की ती राखणदारांची यादी कुठं असते. यशोधरा म्हणाली, ती पण हेरॉनमधलीच एक साधी फाइल असते, तिच्यात बदल करायचा तर दुरुस्ती पाठवायची आणि त्या भागाच्या राखणदाराची संमती घ्यायची. शहादेवांनी ते दोनदा सांगायला लावलं. मग चष्मा पुसला.

"मसुदा कर," ते म्हणाले. "समदं खरं लिव. एक अक्षर लपवू नको."

त्या दुपारी बापलेकीनं मिळून मसुदा केला. छत्तीस ओळी काढून टाकाव्यात, मूळ चार ओळी परत बसवाव्यात, त्या कुणी लिहिल्या आणि सात आठवडे त्यांचं काय झालं तेही नोंदवावं. राखणदारांच्या यादीतून अमरसिंह पवळ हे नाव, त्यांचा या कामाशी संबंध नसल्यानं, वगळावं आणि तिथं कोड लिहिणारीचं नाव घालावं. यशोधरानं या खेपेला टिटवी ठेवली नाही. मोटारीची चाचणीही सोबत जोडली, आणि पूर्णविराम दिले.

सकाळी शहादेव अमरसिंहांच्या बैठकीत गेले. दहाबारा माणसं बसली होती. अमरसिंह एका फोनवर कुणाला तरी बदली करून देत होते, आणि दुसऱ्या फोनवर ती दुरुस्ती उघडून प्रविण शेजारी उभा होता. शहादेव पुढं झाले.

"दादा, काम झालंय. यात तुमचं नाव निघतंय आन माज्या पोरीचं लागतंय. वाचून घ्या."

अमरसिंहांनी कानावरचा फोन न काढता मान हलवली. शहादेवांनी परत सांगितलं, तेच शब्द, जरा मोठ्यानं. बैठकीतल्या दोघाचौघांनी वर पाहिलं. प्रविणनंही ते ऐकलं आणि पहिल्यांदाच त्याचा उत्साह कमी झाल्यासारखा दिसला.

"वाचायचं काय त्याच्यात," अमरसिंह फोनच्या तोंडावर हात ठेवून म्हणाले. "तुमी हायत ना. कुटं दाबायचं तेवढं सांगा."

शहादेवांनी हिरव्या खुणेकडे बोट दाखवलं. एकतीस वर्षं असंच दाखवलं होतं, सही इथं करा म्हणून. अमरसिंहांनी दाबलं आणि बदलीकडे वळले.

चार वाजता भिमाबाईंनी चहा ठेवला तेव्हा दुरुस्ती आत गेली होती. यॉर्ननं खाली दोन ओळींत क्षमा मागितली होती आणि श्री. पवळ यांच्या प्रामाणिकपणाचं मनापासून कौतुक केलं होतं. असं स्वतःहून बाजूला होणारी माणसं आता राहिली नाहीत, असं त्याचं मत पडलं. यशोधरा ते वाचून इतकी हसली की चहा सांडला.

"नोंद वाच," शहादेव म्हणाले. "नाव कसं लिवलंय?"

तिनं लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला आणि बोट ठेवून सावकाश वाचलं, "यशोधरा शहादेव साळवे."

मधलं नाव त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी ते परत वाचायला सांगितलं.