वडील हयात असताना

त्रिविक्रम हुक्केरीकरांची मिशी फार मोठी होती असं नाही. पण मालक तिच्याविषयी बोलत फार, त्यामुळे ती मोठी वाटे. बंगळूरात, मल्लेश्वरमच्या मराठी मंडळात, गणपती असो की कोजागिरी, पुण्याहून नवा आलेला एखादा गुळगुळीत तोंडाचा तरुण दिसला की त्रिविक्रमराव त्याला बटाटेवड्याच्या रांगेत गाठत.

"वडील आहेत ना?"

"आहेत की. कोथरूडला."

"मग हे काय? आमच्या हुक्केरीकडे वडील हयात असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत नाही. वडील गेले की एकदाच."

तो पोरगा वडील जिवंत असल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करी आणि वडा न घेताच सटके. पुढे पुढे मंडळात हे सगळ्यांना इतकं पाठ झालं की त्रिविक्रमराव दारातून आले की लोक आधी मिशीकडे बघत, आणि ती जागेवर आहे म्हणजे हुक्केरीला आप्पा ठीक आहेत, असं समजून कामाला लागत.

या मिशीचा निकाल मार्चमध्ये रिक्षात लागला. "स्वल्प हळू" असं सांगायला त्रिविक्रमराव पुढे वाकले होते, आणि बंगळूरच्या इतिहासात प्रथमच एका रिक्षावाल्याने गिऱ्हाइकाचं ताबडतोब ऐकलं. त्याने करकचून ब्रेक दाबला. त्याच्या सीटमागची लोखंडी दांडी आणि त्रिविक्रमरावांचा वरचा ओठ यांची गाठ पडली.

"हाड शाबूत, दात शाबूत," दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने आनंदाने सांगितलं, "फक्त मऊ भाग फाटलाय." मग त्याने मिशीचा डावा अर्धा भाग भादरला आणि ओठ शिवला. हे 'फक्त' त्रिविक्रमरावांच्या मनात राहिलं. माणसाचं तोंड म्हणजे दुसरं असतं तरी काय? हाडं तर सगळ्यांची सारखीच.

टाके निघाले तेव्हा डाव्या नाकपुडीपासून ओठापर्यंत एक लाल रेघ उरली होती. ओठाची कड जिथे जुळायला हवी तिथे जराशी पायरी पडली होती. त्यात तो कोपरा वर ओढला गेल्यामुळे, समोरच्याचं काहीतरी चुकलंय आणि ते आपल्याला कळलंय, असा भाव चेहऱ्यावर कायमचा बसला.

"तो आधीपासून होता," अहल्याबाई म्हणाल्या. त्यांच्या लग्नाला तीस वर्षं झाली होती.

मिशी परत आली, पण व्रणावर केस उगवेनात. डावी बाजू दोन तुकड्यांत वाढली. दोन्हीकडे झाडी आणि मधोमध खोदकाम, अशी शहरातल्या कुठल्याही चांगल्या रस्त्यासारखी ती दिसू लागली. एकदा अहल्याबाईंची काजळाची पेन्सिल घेऊन त्यांनी खोदकाम बुजवून पाहिलं. अहल्याबाईंनी ते पाहिलं आणि पेन्सिल कपाटात कुलुपात ठेवली.

मग मास्क आला. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या ऑफिसात त्यांनी "धुळीची ॲलर्जी" सांगितली आणि बंगळूरात त्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. जेवायच्या वेळी ते गाडीत जाऊन बसत. मंडळात जाणं त्यांनी बंदच केलं. न्हाणीघरातला आरसा त्यांनी "पारा उडालाय" म्हणून काढला. आणि रविवारी हुक्केरीहून आप्पांचा व्हिडिओ कॉल आला की ते फोन असा धरत की आप्पांना घराचं छत आणि पंखा दिसे.

"आप्पांना धक्का बसेल," ते म्हणत. "एवढं वय."

"आप्पांना की तुम्हाला?" अहल्याबाई विचारत, आणि उत्तराची वाट न बघता कुकरकडे जात.

हे असं वर्षानुवर्षं चालू शकलं असतं. पण आप्पांना एक्याऐंशी वर्षं पूर्ण होत होती. त्यांनी हजार पौर्णिमा पाहिल्या, म्हणून सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं होतं, आणि तेही बंगळूरात, मल्लेश्वरममधल्या एका हॉलमध्ये, कारण थोरला मुलगा इथे. थोरल्या मुलाने वडिलांशेजारी पाटावर बसायचं, होमापुढे, सगळ्या नातलगांसमोर, उघड्या तोंडाने. त्रिविक्रमरावांनी धाकट्या भावाला, नंदकिशोरला, फोन करून सुचवलं की या खेपेला धाकट्याने बसलं तर काय हरकत आहे.

"अण्णा, तू वेडा झालायस काय?" नंदकिशोर म्हणाला. "मी बसलो तर आप्पा उठून जातील."

समारंभाला पंधरवडा राहिला तेव्हा ते डॉक्टर भार्गवींकडे गेले. या प्लॅस्टिक सर्जन. त्यांनी दिव्याखाली तोंड वळवून वळवून पाहिलं.

"मलम चोळता का रोज?"

"चोळतो. केस मध्ये येतात."

"मग काढा ना केस. व्रण निबर झालाय. दाबून चोळल्याशिवाय मऊ पडणार नाही. वर्ष-दीड वर्ष जातं याला, तोवर शेवटचं कसं दिसेल ते मीही सांगत नाही. आणि मास्क कशाला?"

"धूळ," त्रिविक्रमराव म्हणाले.

"इथे ए. सी. आहे."

रविवारी पहाटे त्यांनी दार लावून मिशी काढली. आरसा नव्हताच, बोटांनी चाचपत काढली. काढताना त्यांनी वस्तरा दोनदा खाली ठेवला. व्रणामुळे नव्हे. हुक्केरीला आप्पा या क्षणी चहा पीत असतील आणि आपण इथे त्यांचं हे असं करतोय, या विचाराने. मग उजाडता उजाडता, रस्त्यात कुणी नसेल म्हणून, मास्कशिवायच दूध आणायला निघाले. आठ महिन्यांत पहिल्यांदा ओठाला वारा लागला. डावीकडे बधिर असल्याने तो उजवीकडेच लागला.

ते एक गोष्ट विसरले होते. रविवारी सकाळी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं अर्धं एचएसआर लेआउट डोसा खायला मल्लेश्वरमला येतं.

मंडळाचा चिटणीस मकरंद रांगेत उभा होता. त्याने त्यांना पाहिलं. त्याची नजर ओठावर गेली, तिथेच थांबली, आणि खाली गेली. तो रांग सोडून आला. डोशाची रांग सोडून मकरंद आलेला आजवर कुणी पाहिला नव्हता. त्याने त्यांचे दोन्ही हात हातात घेतले.

"काका," तो म्हणाला, "आय ॲम सो सॉरी."

शेवटी दिसलाच व्रण, असं त्रिविक्रमरावांना वाटलं. त्यांनी मान खाली घातली आणि दूध घेऊन घरी आले. पण पोराचा स्वभाव चांगला, हेही त्यांना वाटलं. एकटक बघितलं नाही त्याने.

दहा वाजता बेल वाजली. दारात शेजारच्या अंबुबाई. मूळच्या धारवाडच्या. हातात झाकलेलं पातेलं, डोळ्याला पदर.

"पिठलं-भात आणलाय गं अहल्या. चूल पेटवू नकोस आज."

अहल्याबाईंची इडली तेव्हा गॅसवर होती आणि तिचा वास जिन्यापर्यंत गेला होता. अंबुबाईंनी तो वास घेतला, पण दुःखात माणसं कशीही वागतात म्हणून काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मागोमाग मंडळाचे खजिनदार आले, मग दोन सभासद जोडप्याने आले. सगळे आत येऊन भिंतीला टेकून बसले आणि जमिनीकडे बघू लागले. त्रिविक्रमराव मास्क शोधत होते. तो सापडेना, तेव्हा तसेच बाहेर आले.

प्रत्येकाने त्यांच्या ओठाकडे पाहिलं, मान हलवली आणि परत जमिनीकडे पाहिलं.

"वय झालं होतं, पण तरी," खजिनदार म्हणाले.

"कुणाचं?" अहल्याबाईंनी विचारलं.

"त्रास नाही ना झाला फार?"

"सुरुवातीला झाला," त्रिविक्रमराव म्हणाले. "आता नुसतं ओढतं."

खजिनदारांनी हे ऐकून डोळे मिटले. अहल्याबाईंनी मात्र उघडले. त्यांनी टेबलावरचा नवऱ्याचा फोन उचलला. मंडळाचा ग्रुप त्रिविक्रमरावांनी मार्चपासून मूक करून ठेवला होता. ग्रुपवर आप्पांचा फोटो होता, भोवती दोन दिवे, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याखाली जोडलेल्या हातांची लांबच लांब रांग.

"अहो," त्या म्हणाल्या, "आप्पा गेले."

"कधी?" त्रिविक्रमराव मटकन खाली बसले.

"आज सकाळी. तुमची मिशी गेली तेव्हा."

सगळा उलगडा व्हायला बराच वेळ लागला, कारण खोलीतल्या कुणालाही आपलं सांत्वन इतक्या लवकर परत घ्यायचं नव्हतं. आप्पा जिवंत आहेत म्हटल्यावर सगळ्यांना आनंद झाला, पण किंचित फसवल्यासारखंही झालं.

"मग मिशी का काढली?" खजिनदारांनी जरा चढ्या आवाजात विचारलं. "तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना?"

आता बोलणं भाग होतं. रिक्षा, दांडी, टाके, आठ महिने. त्रिविक्रमरावांनी सगळं सांगितलं आणि ओठावर बोट ठेवलं.

"कुठे?" एक सभासद पुढे वाकले.

"हे काय."

"हे होय! मला वाटलं ते मिशीखाली आधीपासूनच असेल."

"लाल आहे की थोडं," अंबुबाई जवळ येऊन म्हणाल्या. "लोणी लावा, विक्रमण्णा. आणि काळजी करू नका. मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. आप्पांचं वाढलं आता. सरी, बरं तर, पिठलं ठेवून जाते, पातेलं उद्या द्या."

लोक गेले. त्रिविक्रमराव तिथेच बसून राहिले. आठ महिने ज्या नजरेला ते भीत होते ती नजर आली, तोंडावरून फिरली आणि निघूनही गेली. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, हे त्यांना ठरवता येईना. पण आप्पांचं काय? एवढ्यात नंदकिशोरचा फोन आला.

"अण्णा, हे काय चाललंय? शेजारच्या घटप्रभेच्या कुणीतरी आप्पांच्या फोनवर तो मेसेज पाठवला. आप्पांनी स्वतः वाचला."

"मग?"

"मग काय? आजच्या गाडीनं निघायचं म्हणतात. मी तिकिटं बघतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी यशवंतपूरला त्रिविक्रमराव मास्क लावूनच गेले. आप्पा डब्यातून उतरले, त्यांनी मुलाकडे एकदा पाहिलं आणि घरी येईपर्यंत पावसापाण्याविषयी बोलले. घरी येऊन खुर्चीत बसले, पाणी प्यायले.

"तोंडावरचं काढ ते."

त्रिविक्रमरावांनी मास्क काढला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांना सुईत दोरा ओवता येत असे. ते बघत राहिले. मिशीची रिकामी जागा एवढी मोठी, पण त्यांची नजर डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"ओठाला काय झालं रे?"

"रिक्षात लागलं. मार्चमध्ये."

"दुखतं?"

"बधिर आहे. हसताना ओढतं."

"म्हणजे हसत नाहीस."

त्रिविक्रमरावांनी मास्कची घडी घातली.

"तरीच. आठ महिने मला पंखा दाखवतोयस. मला वाटलं नोकरी गेली तुझी. नंद्याला म्हटलं, पैसे पाठवूया, पण मागितल्याशिवाय कसे द्यायचे."

"आप्पा, ती मिशी... तुम्ही असताना..."

"विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं," आप्पा म्हणाले. "बरं झालं नाही विचारलंस. औषध काय दिलंय?"

"मलम आहे. दाबून चोळायचं."

"आज चोळलंस?"

"नाही अजून."

"आण इकडे. आणि खाली बस, मला वाकवत नाही."

चोपन्न वर्षांचे त्रिविक्रमराव खुर्चीपुढे फरशीवर बसले आणि तोंड वर केलं. आप्पांनी अंगठ्यावर मलम घेतलं आणि पाटा-वरवंट्यावर काही वाटायला घेतल्यासारखं चोळायला सुरुवात केली.

"हळू, आप्पा."

"बधिर आहे म्हणालास ना?"

दार उघडंच होतं. त्यात मकरंद उभा होता, हातात मिठाईचा मोठा खोका, चेहरा पडलेला. "काका, मी माफी मागायला..." एवढं म्हणाला आणि थांबला. काका जमिनीवर बसले होते, तोंड वर, उजेडात, आणि ज्यांच्या फोटोभोवती त्याने दिवे लावले होते ते गृहस्थ त्यांचा ओठ चोळत होते.

त्रिविक्रमरावांचा हात सवयीने तोंडाकडे निघाला. आप्पांनी तो बाजूला केला.

"ये मकरंद, बस," त्रिविक्रमराव तसेच बसून म्हणाले. "थोडं राहिलंय."

"तू काय रे तो, मला घालवणारा?" आप्पांनी हात न थांबवता विचारलं. "फोटो कुठला घातलास? त्यात माझी कवळी नाही. पुढच्या वेळी चांगला घाल."

मकरंदला कुठे बघावं ते कळेना. त्रिविक्रमरावांना हसू फुटलं. डावी बाजू वर ओढली गेली, उजवी तिच्यामागून धावली आणि मलम नाकाला लागलं.

"हलू नकोस," आप्पा म्हणाले.