एकदा उलटा करून बघावा

मी एक जुना विंचू आहे. दचकू नका मित्रांनो! नांगी अजून शाबूत आहे, पण चाळीस वर्षं मी संग्रहालयातल्या स्पिरिटच्या बाटलीत पालथा पडून आहे. आमचा वंश डायनासोरांहूनही जुना. आठ पायांमुळे कोळी आमचे भाऊबंद. आमच्यातही कुळं आहेत, आणि माझी सगळी कहाणी कुळाचीच आहे.

मला दगडाखालून ज्यांनी उचललं, ते इथे बाटल्या धुण्याचं काम करत. शाळा चौथीपर्यंत, पण नजर अशी बारीक की काय सांगू! त्यांनी मला उताणा केला, भिंगातून पाहिलं आणि पेन्सिलीने चिठ्ठी लिहून बाटलीत सोडली. पेन्सिलीचं अक्षर स्पिरिटमध्ये विरघळत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मोठ्या साहेबांनी मात्र वरूनच माझे जाड चिमटे पाहिले आणि बाहेरच्या कागदावर भलतंच कूळ लिहिलं. बाटल्या धुणाऱ्याची चिठ्ठी कोण वाचतो? मी परक्यांच्या कपाटात जाऊन पडलो. झाकण सैल झालं, स्पिरिट उडत गेलं, पाठ कोरडी पडली. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

गेल्या महिन्यात कपाटं आवरायला काढली. नवे प्रमुख म्हणाले, "या कुळातले तेवीस आहेत आपल्याकडे. हा वाळलेला टाकून द्या, ताई."

ताई म्हणजे त्याच बाटल्या धुणाऱ्यांची लेक. शिकून आता इथेच विंचवांचा विभाग सांभाळते. बाटली रिकामी करताना चिठ्ठी तिच्या बोटाला चिकटली.

"अगबाई, बाबांचं अक्षर!"

चिठ्ठीत होतं : 'चिमटे जाड, पण छातीची पट्टी त्रिकोणी. कूळ वेगळं वाटतं. एकदा उलटा करून बघावा.'

तिने मला अलगद उलटा केला. पायांच्या चौथ्या जोडीपाशी ती इवलीशी पट्टी होती. तीन कोन; त्या कपाटातल्या बाकी सगळ्यांना पाच. तिने दोनदा मोजले.

"सर, हा टाकायचा नाही. हा त्या तेविसांतला नाहीच. याच्या कुळातला आपल्याकडे हा एकच आहे."

प्रमुखांनीही भिंगाला डोळा लावला. मग म्हणाले, "खरंच की! नवा कागद लिहा. ओळखणाऱ्याच्या जागी तुमचं नाव घाला."

"माझं कशाला? बाबांनी ओळखलाय तो."

तिने वडिलांचं नाव लिहिलं, ताजं स्पिरिट भरलं आणि चिठ्ठी पुन्हा माझ्याजवळ ठेवली. मला त्या माणसाचा फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, जुनं काही टाकण्याआधी त्याच्यासोबतची चिठ्ठी तेवढी वाचा. लिहिणारा कोण होता, ते नंतर विचारा.