अकरावं विधान

मी एक जुनी प्रश्नावली आहे, मित्रांनो. दोन पानं, एक टाचणी, बावीस विधानं. प्रत्येक विधानापुढे एक ते पाच आकडे. एक म्हणजे मुळीच पटत नाही. पाच म्हणजे पूर्ण पटतं. कुणा मुलीवर जबरदस्ती झाली की लोक तिच्याबद्दलच खोटंनाटं बोलतात. ते किती जणांना खरं वाटतं, हे मोजायला लोणखेड्याच्या, गावोगाव पाहणी करणाऱ्या रंजिताताईंनी मला घडवलं. भाषा सोपी व्हावी म्हणून चार वेळा फाडलं, पाचव्यांदा छापलं. मला केवढा अभिमान होता!

माझ्या माथ्यावर सूचना होती : प्रत्येकीने एकटीने भरावी.

कोरीट गावात कौसाबाई अंगणात मिरचीचे देठ खुडत होत्या. हात तिखटाने माखलेले, पेन कसं धरणार? पोरगी वाचेल, मी सांगेन, असं त्या म्हणाल्या. ताईंना अजून सहा घरं करायची होती. त्या हो म्हणून शेजारी गेल्या. पेन अकरावीतल्या रूपालीच्या हाती आलं.

विधान ३ : पाच.

विधान ७ : पाच.

विधान ११ : मुलगी ओरडली नाही, म्हणजे तिची संमती होती.

रूपालीने ते आईला अहिराणीत सांगितलं.

"नही आरडी, म्हंजे तिनं बी मन व्हई," कौसाबाई म्हणाल्या.

"आनि माय, घाबरीसन आवाजच नही उना तं?"

"तू पाच लिख. बाई वाट देखी ऱ्हायनी."

पेन माझ्यावर टेकलं. तसंच राहिलं. मग पाचाभोवती गोल झाला.

शेवटच्या पानावर दोन ओळी कोऱ्या असतात, आणखी काही सांगायचं असल्यास. तिथे तिने लिहिलं : काकांनी मला धरलं. मला ओरडता आलं नाही.

आणि त्या दोन्ही ओळी खोडून टाकल्या.

एकही विधान सुटलं नाही म्हणून ताईंनी माझं कौतुक केलं. आकडे संगणकात गेले. खोडलेल्या ओळीसाठी रकाना नव्हता.

दोन महिन्यांनी गठ्ठा आवरताना ताईंना पानाच्या पाठीवर उमटलेली अक्षरं दिसली. दुसऱ्याच दिवशी त्या मला घेऊन कोरीटला गेल्या. तोवर रूपालीचं कॉलेज कायमचं सुटलं होतं. ताईंनी तिला बाजूला नेऊन हळूच विचारलं.

"ते चुकीसन लिखाई गयं, ताई," ती म्हणाली.

ताईंनी तिला आपला फोन नंबर दिला. अजून फोन आलेला नाही.

मित्रांनो, कौसाबाई वाईट नाहीत. त्यांनी जन्मभर जे ऐकलं तेच सांगितलं. पण मी ते त्यांच्या मुलीच्या हातून लिहवून घेतलं, याचं मला फार वाईट वाटतं. तुमच्या घरात कुणी बिचकत काही विचारलं, तर उत्तर द्यायची घाई करू नका. काय झालं, एवढंच विचारा आणि तिचं बोलणं पुरं होईपर्यंत जवळ बसा.